इंजिन थांबल्यानंतरची चार मिनिटं

राळेगणसिद्धी येथील व्याख्यानाचं शब्दांकन

विषय विमानाचा आणि व्याख्यान राळेगणसिद्धीत, हे थोडं विचित्र वाटेल. इथे ना विमानतळ, ना धावपट्टी. पण आजचा इतिहास धावपट्टीचा नाहीच. छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडतं, तेव्हा ते विमान उतरतं कुठे? बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात, नाहीतर माळावर. म्हणजे या इतिहासात वैमानिक आहे, यंत्र आहे, तशी जमीनही आहे, आणि त्या जमिनीवर राहणारी माणसंही आहेत. पहिल्या दोघांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आज बाकीच्या दोघांनाही आपण गोष्टीत घेऊ.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. घाट उतरताना मोटारसायकलचं इंजिन बंद केलं तरी गाडी चालत राहते, कारण उतार तिला ओढत असतो. विमानाचंही तसंच. नाक थोडं खाली केलं की उंचीचा उतार होतो, वेग टिकतो, आणि वेग टिकला की पंख आपलं काम करत राहतात. इंजिन चालू आहे की बंद, हे पंखांना माहीत नसतं. त्यांना फक्त हवा लागते.

आकड्यांत सांगतो. सेस्ना १५२ हे प्रशिक्षणाचं दोन आसनी विमान जगभर वापरलं जातं. इंजिन बंद असताना ते ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने उतरत राहिलं, तर एक मीटर उंची गमावताना साधारण नऊ मीटर पुढे जातं. म्हणजे जमिनीपासून ३,००० फूट, साधारण ९०० मीटर उंचीवर इंजिन गेलं, तर वैमानिकाच्या हातात चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ असतो आणि वारा नसेल तर सुमारे आठ किलोमीटरचा पल्ला असतो. १,००० फुटांवर गेलं तर दीड मिनिट. आणि उड्डाण करताच, दोन-तीनशे फुटांवर गेलं तर अर्धं मिनिटसुद्धा नाही. जे काही ठरवायचं ते एवढ्या वेळात. इंजिन बंद पडणं म्हणजे अपघात नव्हे. अपघात होणार की नाही, ते या वेळात ठरतं. शंभर-सव्वाशे वर्षांत वैमानिक हेच शिकत आले आहेत, आणि शिकताना पुष्कळ जीव गेले आहेत.

आता मागे जाऊ. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडायची स्पर्धा लागली होती. १९ जुलैला ह्यूबर्ट लॅथम निघाला. वाटेत इंजिन बंद पडलं आणि त्याने विमान सरळ समुद्रावर उतरवलं. विमान लाकूड-कापडाचं, ते तरंगत राहिलं. मदतीची बोट पोहोचली तेव्हा लॅथम विमानावर बसून सिगारेट ओढत होता. सहा दिवसांनी, २५ जुलैला लुई ब्लेरिओने जेमतेम २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर खाडी पार केली. डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरताना त्याच्या विमानाची चाकं आणि पंखा मोडला. तरी त्या दिवसाला कुणी अपघाताचा दिवस म्हणत नाही. आपण त्याला विजय म्हणतो. माणूस चालत बाहेर आला, तेवढं पुरेसं होतं. यंत्र मोडलं तर मोडू दे, ही समज अगदी पहिल्या पिढीकडे होती. पुढे विमानं महाग झाली, आणि ती समज टिकवणं अवघड होत गेलं.

त्या काळची इंजिनं इतकी बेभरवशाची होती की वैमानिक सतत खाली बघत उडायचा. आत्ता बंद पडलं तर कुठे? ते कुरण गेलं, आता पुढचं कुठलं? वैमानिकाची ही सवय आणि बैलगाडीवाल्याची पाणवठा हेरत जायची सवय, दोन्ही एकाच जातीच्या. अडचण आल्यावर जागा शोधायची नसते, ती आधीच शोधून ठेवायची असते.

आपल्याकडची गोष्ट १९३० ची. भारत आणि इंग्लंड यांच्यामधला प्रवास एकट्याने विमानातून पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे.आर.डी. टाटा कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले, अस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीकडे. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये अबूकीरला. अस्पी तिथे अडकून पडले होते, कारण इंजिनाला चांगले स्पार्क प्लग नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. बक्षीस अस्पींनी जिंकलं, जे.आर.डी. थोड्या तासांनी मागे राहिले. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. एका प्लगवर सगळा प्रवास अडतो, हे दोघांनाही नेमकं माहीत होतं. म्हणून एकाने जादा प्लग बरोबर घेतले होते, आणि दुसरा खराब प्लगवर तसाच पुढे गेला नाही, जमिनीवर थांबला.

त्याच वर्षी मे महिन्यात ॲमी जॉन्सन ही इंग्लंडची तरुणी एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. कराचीहून अलाहाबादला जाताना इंधन कमी पडलं आणि तिने विमान उतरवलं ते झाशीला, लष्कराच्या परेड ग्राउंडवर. विमानाला इजा झाली, दुरुस्ती झाली, आणि ती पुढे डार्विनपर्यंत पोहोचली. हे मुद्दाम सांगतोय. इंजिन बंद पडणं म्हणजे दर वेळी इंजिनात बिघाड असतो असं नाही. टाकी रिकामी झाली तर उत्तमातलं उत्तम इंजिनही बंद पडतं. समोरून वारा जास्त लागला, वाट चुकली, हिशेब चुकला, की झालं.

मग येतो १९३२ चा १५ ऑक्टोबर. जे.आर.डीं.नी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमान उडवलं, अहमदाबादला इंधन घेतलं आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. विमानाला एकच इंजिन, सुमारे १२० अश्वशक्तीचं. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कुठलंही साधन नाही. खालची नदी, रेल्वेचे रूळ आणि किनारा बघत जायचं. आणि जुहूची धावपट्टी म्हणजे खाजणातली सखल जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग सगळा बाडबिस्तरा, म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, पुण्याला हलायचा. तिथे येरवड्याच्या तुरुंगाच्या अगदी सावलीतलं एक मैदान त्यांना वापरायला मिळालं होतं. म्हणजे बघा, ही नियमित विमान टपालसेवा वर्षातले काही महिने चक्क पुण्याच्या एका मोकळ्या मैदानावरून चालत होती! त्या पिढीच्या लेखी धावपट्टी आणि मैदान यांत फार अंतरच नव्हतं. म्हणून मैदानात उतरण्याची त्यांना लाजही वाटत नसे.

आता अवघड भागाकडे येतो. उड्डाण केलं, विमान थोडं वर गेलं, आणि इंजिन गेलं. मागे, अगदी जवळ, ओळखीची धावपट्टी आहे. पुढे अनोळखी शेतं आहेत. माणसाचं मन काय म्हणतं? मागे फीर. घर तिकडे आहे. आणि विमानविद्येच्या सुरुवातीपासून या एका वळणाने असंख्य वैमानिकांचे प्राण घेतले आहेत.

का, ते समजून घेऊ. विमान वळवायचं म्हणजे ते एका अंगावर तिरपं करावं लागतं. तिरप्या विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो. सेस्ना १५२ सरळ असताना ताशी ८८-९० किलोमीटरच्या खाली गेलं की पंख हवा सोडतात. याला स्टॉल म्हणतात. ते ४५ अंश तिरपं केलं की ही मर्यादा साधारण १९ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १०५ च्या आसपास जाते. आणि तुम्ही चाललेले असता ११० ने! त्यात धावपट्टी मागे सरकतेय म्हणून घाबरून नाक वर ओढलं, की वेग मर्यादेखाली गेलाच. विमान एका पंखावर कोसळतं, आणि ते सावरायला उंची उरलेली नसते. शिवाय त्याच धावपट्टीवर यायला नुसतं अर्धं वर्तुळ पुरत नाही. वळताना तुम्ही बाजूला सरकलेले असता, म्हणून त्याहून जास्त वळून परत सरळ व्हावं लागतं. आणि एवढं सगळं जमलंच, तर उतरायचं ते पाठीवर वारा घेऊन.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक मोठ्या संख्येने प्रशिक्षणातच मरत होते. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला शिकवण्याची पद्धतच बदलली. तोवर धोकादायक म्हणून ज्या गोष्टी टाळल्या जायच्या, त्या त्याने मुद्दाम शिकवायला लावल्या. स्टॉल होऊ द्या आणि सावरा. विमान गरगरू द्या आणि सावरा. गुरू-शिष्य एकाच विमानात, दोघांकडे नियंत्रणं, आणि बोलायला मधे एक नळी. भीतीवर भाषण देऊन उपयोग नसतो, भीतीच्या जागी सवय बसवावी लागते, हे त्याने ओळखलं. आजही जगभर विद्यार्थ्याला शिकवताना शिक्षक अचानक इंजिनाची ताकद काढून घेतो आणि विचारतो, आता कुठे उतरणार? आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर उत्तर ठरलेलं असतं: मागे वळू नकोस. नाक खाली कर, समोरच्या साठ-सत्तर अंशांत जे बरं दिसेल तिथे उतर.

पुढे इंजिनं सुधारली. आजच्या साध्या प्रशिक्षण विमानातही प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक गेला तरी दुसरा काम करतो. बॅटरी संपली तरी इंजिन चालू राहतं. मग आजही इंजिनं बंद का पडतात? इंधन संपतं, हे झाशीला पाहिलंच. इंधनात पाणी शिरतं. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढून बघतात. इंधन निळसर असतं आणि पाणी जड असल्याने खाली बसलेलं दिसतं. आणि तिसरं कारण ऐकून नवल वाटेल: बर्फ. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद जागेतून जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि तिथलं तापमान वीस अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. हवा दमट असेल तर बाहेर चांगली ऊब असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी गरम हवा आत घेण्याची एक मूठ असते. ती वेळेवर ओढायची आठवण मात्र माणसालाच ठेवावी लागते.

इंजिन भरवशाचं झालं, याचा एक तोटाही झाला. खाली बघत उडायची सवय सुटत गेली. बैलगाडीवाल्याला पाणवठे पाठ असतात, मोटारवाल्याला नसतात.

आता आपल्या शेजारी येऊ. बारामतीत विमान प्रशिक्षण चालतं. २५ जुलै २०२२ रोजी तिथून एक सेस्ना १५२ निघालं. आत बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी, एकटी. लांब पल्ल्याचं एकल उड्डाण हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. सकाळी साडेअकराच्या सुमारास इंजिनाची ताकद गेली, असं तेव्हा सांगण्यात आलं, आणि विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शेतात उतरलं. विमान मोडलं. मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. त्या इंजिनाची ताकद सुमारे ११० अश्वशक्ती, म्हणजे जे.आर.डीं.च्या पुस मॉथच्या आसपासचीच. नव्वद वर्षांनी तसंच एक इंजिन, तसाच एकटा माणूस, आणि तोच प्रश्न: कुठे? वर्तमानपत्रांनी मथळा दिला, विमान कोसळलं. ब्लेरिओच्या मापाने बघितलं तर वेगळा मथळा देता आला असता. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये याच परिसरात, कटफळ आणि गोजुबावीजवळ, चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली. दोन्ही वेळा जीव वाचले. अशा घटनांची चौकशी कडकच व्हायला हवी. विमान उडण्यालायक ठेवणं ही संस्थेची जबाबदारी आहे आणि ती विद्यार्थ्याच्या धैर्यावर ढकलता येत नाही. पण चौकशी यंत्राची करताना, माणूस वाचला तो कसा वाचला, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

शेतात उतरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे तुम्ही शेतकरी मंडळी माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. पहिली गोष्ट वारा. पंखांच्या मागच्या झडपा, फ्लॅप, खाली केल्या तर हे विमान ताशी ८० च्या आसपास टेकू शकतं. समोरून २० चा वारा असेल तर जमिनीशी वेग उरतो ६०. तोच पाठीमागून असेल तर १००. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ६० आणि १०० मधला फरक पावणेतीन पटींचा झाला. धुराची रेघ, उसाच्या पात्यांचा कल, शेततळ्यावरच्या लाटा, यावरून वैमानिक वारा वाचतो.

दुसरी गोष्ट बांध. १९७५ नंतर राळेगणसिद्धीत पाणलोटाचं काम उभं राहिलं. उतारावर समतल चर, ओढ्यांवर बांध, डोंगरावर झाडं. वाहतं पाणी थांबवण्यासाठी जे जे करतात, ते धावत्या विमानालाही थांबवतं, आणि फार लवकर थांबवतं! म्हणून वैमानिकाला शिकवतात की सऱ्यांना आणि बांधांना आडवं जाऊ नकोस, समांतर उतर. उतार असेलच तर चढाच्या दिशेने उतर. आता वारा एकीकडून, सरी दुसरीकडे आणि चढ तिसरीकडे, अशी स्थिती आली की त्या चार मिनिटांत मनातल्या मनात तडजोड करावी लागते.

तिसरी गोष्ट तारा. विहिरीवरच्या मोटारीची तार वरून दिसतच नाही. खांब दिसतात, खांबांच्या सावल्या दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच, असं धरून चालायचं. इथून पुणे–नगर महामार्ग जवळ आहे, मग सरळ रस्ताच का नको? कारण तिथे ट्रक आहेत, दुभाजक आहेत, कडेला तारा आहेत, आणि त्या ट्रकमधल्या माणसाने काही विमानाची जोखीम घेतलेली नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ताशी ८० वेगाने चाललेलं विमान जर एकसारख्या जोराने थांबलं, तर माणूस सोसू शकेल अशा धक्क्यात थांबायला त्याला सुमारे तीन मीटर पुरतात. फक्त तीन मीटर! अट एकच. बसायची जागा शाबूत राहिली पाहिजे. म्हणून दाट पीक, झुडपं, गरज पडली तर विमानाचे पंखसुद्धा, हे सगळं खर्चायचं असतं. पंख मोडू दे, चाकं तुटू दे. विमान वाचवायला गेलेला माणूस वेग गमावतो. विमान सोडून दिलेला माणूस शेवटपर्यंत ते नीट चालवतो.

शहरात हा हिशेब फार कठीण होतो. ज्या जुहूला जे.आर.डी. उतरले तिथे भोवताली मोकळं होतं. २८ जून २०१८ रोजी त्याच जुहूकडे येणारं एक छोटं विमान घाटकोपरमध्ये बांधकामाच्या जागेवर पडलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. ते दोन इंजिनांचं विमान होतं, त्या अपघाताची कारणं वेगळी आहेत, ती मी इथे मिसळत नाही. पण तिथे मोकळी जागा अशी किती उरली होती, हे सांगायला नको.

आता माणसांबद्दल. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ, सातपुड्याच्या डोंगरात एक प्रशिक्षण विमान पडलं. प्रशिक्षक जागीच गेले. विद्यार्थिनी गंभीर जखमी. तिथे रस्ता नव्हता. धावत आले ते आसपासचे आदिवासी. एका बाईने आपल्या अंगावरची साडी सोडून दिली. त्या साडीची आणि लाकडांची झोळी केली, आणि त्या मुलीला खांद्यावरून डोंगर उतरवून रस्त्यापर्यंत आणलं. विमानाच्या इतिहासात ही साडी नोंदवली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. स्पार्क प्लगच्या गोष्टीइतकीच ती मोठी आहे.

म्हणून हा विषय गावात बोलण्यासारखा आहे. विमान शेतात आलं, तर पहिला माणूस शेतकरीच असणार. तेव्हा काय करायचं? ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. विडी-सिगारेट विझवायची, कारण इंधन सांडलेलं असतं. पंख्याजवळ जायचं नाही. तो थांबलेला असला तरी हाताने फिरला तर इंजिन पेट घेऊ शकतं. आग नसेल तर जखमीला ओढाताण करून बाहेर काढायचं नाही. आग लागत असेल तर मात्र थांबायचं नाही. आणि मोडलेले तुकडे उचलायचे नाहीत, कारण त्यातूनच पुढचा अपघात टाळायचं कारण सापडतं. एवढं शाळेतल्या पोरांनाही सांगता येईल.

लॅथमपासून कडबनवाडीपर्यंत यंत्र खूप बदललं. न बदललेली गोष्ट एवढीच: यंत्र थांबल्यावरचा वेळ. तो आजही तीन हजार फुटांवरून चार मिनिटांचाच आहे. त्यात वैमानिकाने मागे वळायचा मोह सोडायचा असतो, आणि बाकीचं खालच्या जमिनीवर व माणसांवर सोपवायचं असतं. मी इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.